मोटर काय फिरवते, ते आधी विचारा

“मोटर फिरतीया की, पण पाणी काय येईना.”

उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याचा हा फोन आला, तेव्हा मी कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडला चहा घेत उभा होतो. भावकीतल्या चौघांची मिळून पाइपलाइन, नदीवर पंप आणि आठवड्यापूर्वी बसवलेला नवाकोरा ड्राइव्ह. विकणाऱ्यानं सांगितलेलं, “चाळीस हर्ट्झवर चालवा, वीज निम्मी लागेल.” ते खोटं नव्हतं. वीज निम्म्याहून कमीच लागत होती. पाणी मात्र थेंबभरही वर चढत नव्हतं.

फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, व्हीएफडी, इन्व्हर्टर, ड्राइव्ह ही सगळी एकाच पेटीची नावं. आपल्याकडे वायरमनपासून मालकापर्यंत सगळे ‘ड्राइव्ह’च म्हणतात, म्हणून इथंही तेच म्हणतो. महावितरणकडून येणारी ५० हर्ट्झची वीज ही पेटी आधी डीसी करते, मग हव्या त्या हर्ट्झची एसी करून मोटरला देते. हर्ट्झ कमी केले की मोटर हळू फिरते. हर्ट्झबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं. ५० ला ४१५ व्होल्ट, तर ४० ला साधारण ३३२. यंत्र म्हणून एवढंच आहे. घोटाळा होतो तो घेताना. दुकानात पहिला प्रश्न येतो “किती एचपी?” आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा असतो. मोटर काय फिरवते, हे कोणी विचारतच नाही.

त्या शेतकऱ्याच्या पंपाकडे परत जाऊ. सेंट्रीफ्युगल पंपाचा आणि पंख्याचा नियम असा, की वेग ८० टक्के केला तर पाणी ८० टक्के, दाब ६४ टक्के आणि लागणारी ताकद ५१ टक्के. वीज वेगाच्या घनात उतरते, म्हणून ‘निम्मी वीज’. पण दाब वर्गात उतरतो, हे मध्येच गळतं. या पंपाला पाणी ३६ मीटर वर चढवायचं होतं. व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप जास्तीत जास्त ५५ मीटर दाब द्यायचा, तोही ५० हर्ट्झला. चाळीस हर्ट्झला त्याचे ६४ टक्के म्हणजे ३५ मीटर. शेत ३६ मीटरवर आणि पंपाचा दम ३५ मीटरला संपतो. पाणी पाइपात अर्ध्या वाटेवर उभं, आणि पंप तेच तेच पाणी घुसळून तापवतोय. हात लावला तर पंपाची बॉडी चटका देत होती. ४६ वर नेल्यावर पाणी आलं, ४८ ला बऱ्यापैकी. मग वीज वाचली किती? जवळजवळ काहीच नाही.

त्यामुळे उपसा पंपावर ड्राइव्हचा विचार असेल, तर आधी काही शे रुपयांचा प्रेशर गेज आणा. डिलिव्हरी पाइपवर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे तो बसवा. पंप बंद असताना पाइप भरलेला असेल, तर गेज दाखवेल ती निव्वळ उंची. १ किलो म्हणजे १० मीटर. पंप चालू केल्यावर आकडा जेवढा वाढतो, तेवढं पाइपातलं घर्षण. पंप नदीच्या पातळीच्या वर बसवला असेल तर सक्शनची उंचीही त्यात धरा. बंद असताना ३.६ आणि चालू असताना ४.४ दिसत असेल, तर तुमचा जवळजवळ सगळा हेड उंचीचाच आहे आणि ड्राइव्हला तिथं वाचवायला फारसं काही नाही. उलट बंद असताना १ आणि चालू असताना ४ दिसला, तर वेग उतरवण्यात खरा पैसा आहे. पण तिथंही आधी पाइप एक साइज मोठा घेता येतो का ते बघा. कधी कधी तोच सौदा स्वस्त पडतो.

कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेणारी योजना सगळ्यांना माहीत आहे. अशा योजनांत बहुतेक हेड डोंगर चढण्याचाच असतो. तिथं पाणी कमी-जास्त करायचं, तर किती पंप चालू ठेवायचे, हाच सरळ मार्ग. दोन शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या लिफ्टलाही तोच न्याय.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो, विकणारे ती सांगत नाहीत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल माफ आहे. बिलच येत नाही, मग वीज वाचवून तुमच्या खिशात काय पडणार? साडेसात एचपीच्या आतल्या शेतीपंपाला निव्वळ बचतीसाठी ड्राइव्ह घेऊ नका, असं मी सरळ सांगतो. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’मधून एसी पंप मिळाला असेल, तर ड्राइव्ह तुमच्याकडे आलेलाच आहे. पॅनेलखाली खांबावर लावलेला तो कंट्रोलर म्हणजे डीसीवर चालणारा ड्राइव्हच. वेगळा काही लावायचा नाही, त्याची निगा मात्र पुढं सांगतो तशीच ठेवायची.

मग ड्राइव्ह शोभतो कुठं? त्याचं एक उदाहरण मलकापुरातच आहे. मीटरवर चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून मलकापूरचं नाव राज्यभर झालं. चोवीस तास पाणी म्हणजे पाइपात सतत दाब. पण सात मजल्यांच्या इमारतीच्या वरच्या नळाला तो पुरत नाही, म्हणून सोसायट्या, हॉस्पिटलं आणि हॉटेलं बूस्टर पंप लावतात. तिथं सकाळी सहा ते नऊ शंभर नळ उघडे, दुपारी चार, रात्री दोनला एखादा. मागणी अशी हलणारी आणि दाब एकसारखा हवा, म्हणजे ड्राइव्हचं माहेरच. प्रेशर ट्रान्समीटर दाब मोजतो, ड्राइव्ह त्याप्रमाणे मोटर हळू-जोरात करतो. तीन किलोवर ठेवायचं असेल तर तीनच राहतं. इथं दोन गोष्टी मात्र मागून घ्या. एक, ‘स्लीप’ची सोय, म्हणजे कोणी पाणी घेत नसेल तेव्हा मोटर पूर्ण थांबली पाहिजे. दोन, छोटी प्रेशर टाकी. ती नसली तर फ्लशच्या टाकीतून थेंब गळतोय म्हणून रात्रभर पंप उठतो-झोपतो, उठतो-झोपतो.

पंख्यांचंही गणित असंच फायद्याचं. समजा, १५ एचपीचा ब्लोअर वर्षाला ४,००० तास चालतो आणि हवा जास्त होते म्हणून डॅम्पर अर्धा बंद ठेवलाय. वीज साधारण १०.८ किलोवॅट ओढतो. डॅम्पर सताड उघडा, वेग ४० हर्ट्झवर आणा, तेवढीच हवा साडेसहा किलोवॅटमध्ये मिळते. तासाला ४.३ युनिट, म्हणजे वर्षाला १७,२०० युनिट. आठ रुपये दर धरला तर एक लाख सदतीस हजारांच्या वर. अशा ड्राइव्हला आपले पैसे फेडायला फार वेळ लागत नाही. पण हवेची गरज मुळात कायमचीच कमी असेल, तर ड्राइव्हपेक्षा पुली बदला. हजार रुपयांत काम होतं आणि ते कधी ट्रिप होत नाही.

आता उलटी बाजू. गुऱ्हाळाचा चरक, कन्व्हेयर, स्क्रू, पिस्टनचा पंप, एअर कॉम्प्रेसर यांना वेग कमी केला तरी जोर तेवढाच लागतो. चरकात ऊस हळू ढकलला म्हणून तो मऊ होत नाही. या लोडला एचपी जुळवून ड्राइव्ह आणला, की पहिल्या आठवड्यातच ‘ओव्हरकरंट’ दाखवून तो बसतो. गडी घाईत दोन मोळ्या एकदम सरकवतो, रोलर कचकन अडतात, करंट दीडपट होतो. ड्राइव्हच्या नेमप्लेटवर बघा, एकाच पेटीवर दोन आकडे असतात. समजा १५ आणि ११ किलोवॅट. पहिला ‘नॉर्मल ड्युटी’चा, पंप-पंख्यासाठी, ज्यात मिनिटभर १० टक्के जादा करंट चालतो. दुसरा ‘हेवी ड्युटी’चा, ज्यात मिनिटभर ५० टक्के जादा चालतो. चरकाला ११ किलोवॅटची म्हणजे १५ एचपीची मोटर असेल, तर हा दुसरा आकडा ११ असलेला ड्राइव्ह घ्यायचा. दुकानदार पहिल्या आकड्यावर ११ असलेला दाखवेल, तो स्वस्त असतो. घेऊ नका. आणि चरकाच्या ड्राइव्हला उलट फिरवायचं बटण बाहेर काढून घ्या. ऊस अडकला की पहार घेऊन रोलरमध्ये हात घालण्यापेक्षा दोन फेरे मागं घेणं केव्हाही बरं.

मोठं चाक किंवा जड टोपली फिरवणाऱ्या यंत्रांचा त्रास सुरू करताना नसतो, थांबवताना असतो. साखर कारखान्यातली सेंट्रीफ्युगल मशिनं आठवा. थांबवताना फिरणारं वजन मोटरला जनरेटर बनवतं, वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते आणि ‘ओव्हरव्होल्टेज’चा ट्रिप येतो. त्यासाठी ब्रेकिंग रेझिस्टर लागतो, मोठ्या यंत्रांना वीज लाइनला परत देणारा ड्राइव्ह. क्रेन किंवा हॉइस्टच्या ड्राइव्हची निवड मात्र स्वतः करू नका. तिथं चूक झाली तर वजन खाली येतं.

पिठाची गिरणी, साधा कटर, ठरलेल्या वेगानं चालणारा कुठलाही छोटा पट्टा यांना बहुधा ड्राइव्ह लागतच नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर अजून मेलेला नाही.

बोअरच्या सबमर्सिबलची निवड करताना एचपी विसरा, अँपिअर बघा. त्याच एचपीची सबमर्सिबल जमिनीवरच्या मोटरपेक्षा जास्त करंट घेते, आणि ड्राइव्ह करंट देतो, एचपी नाही. या मोटरचं खालचं बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर तरंगतं, आणि हळू फिरवलं तर तो थर बनतच नाही. म्हणून ० ते ३० हर्ट्झ एका-दोन सेकंदात पार करायचं आणि चालताना ३० च्या खाली कधीच यायचं नाही. केबल शंभर मीटरच्या पुढं गेली, तर मोटरच्या टोकाला व्होल्टेजचे झटके जवळजवळ दुप्पट उठतात. वायंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर ते आदळतात आणि सहा महिन्यांत मोटर वर काढायची वेळ येते. आउटपुट चोक किंवा फिल्टर लावा. पाइपासह मोटर वर काढायला माणसं आणि चेनपुली बोलवावी लागते, त्यापुढं फिल्टरचा खर्च काहीच नाही.

जुन्या, दोनदा रिवाइंड केलेल्या मोटरीला ड्राइव्ह लावायचा असेल तर आधी मेगरनं इन्सुलेशन तपासा. पण मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सोडवून मगच. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हमध्ये गेले तर त्याच क्षणी नव्या ड्राइव्हची किंमत मोजा. आणि चरक किंवा कन्व्हेयर सतत २० हर्ट्झच्या खाली चालणार असेल, तर लक्षात ठेवा, मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो. भार पूर्ण आणि वारा नाही, अशी मोटर तापतेच. तिला वेगळा पंखा लावा किंवा गिअरबॉक्स बदला. उलट दिशेला, पंप ५५ हर्ट्झवर नेऊन पाणी वाढवायचा मोह अनेकांना होतो. ताकद एक तृतीयांशानं वाढते. मोटरकडे तेवढी शिल्लक असेल तरच.

इथं माझी एक फजिती सांगतो. एका शेडमध्ये जुना स्टार्टर काढून ड्राइव्ह बसवला. चालू केला की पाच सेकंदात ट्रिप. ड्राइव्ह बदलला, तरी ट्रिप. केबल तपासली, मोटर तपासली, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मोटरशेजारच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्याखाली एक काळपट डबा दिसला. त्यात वर्षानुवर्षांचा कपॅसिटर, पॉवर फॅक्टरसाठी कधीतरी लावलेला, थेट मोटरच्या तारांना जोडलेला. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर म्हणजे दर क्षणाला शॉर्ट सर्किट. तेव्हापासून ड्राइव्ह जोडण्याआधी मी मोटरपासून पेटीपर्यंत तार हातानं चाचपत जातो. आउटपुटला कपॅसिटर नको, चालू असताना उघड-बंद होणारा कॉन्टॅक्टर नको, मोटर थांबवायची ती ड्राइव्हच्याच कमांडनं. इनपुटला मात्र तीन ते पाच टक्क्यांचा चोक हवाच. गावाकडच्या लाइनवर डीपीवरून येणारे झटके तोच गिळतो आणि ड्राइव्हच्या हार्मोनिक्सनं शेजारचे कपॅसिटर फुगण्यापासूनही वाचवतो. कारखान्यात उच्चदाब कनेक्शन असेल, तर २०२० पासून बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं. त्यामुळे जुन्या कपॅसिटर बँकेशेजारी ड्राइव्हांची रांग लावण्याआधी ती बँक डीट्यून केलेली आहे का, हे विचारा.

थ्री फेज गेला म्हणून सिंगल फेजवर ड्राइव्ह चालवण्याचे प्रयोग होतात. चालतो, पण तसा वापरायला बनवलेला हवा, आणि करंट साधारण निम्म्यावर आणून. नाहीतर आतले कपॅसिटर वर्षभरात निकामी होतात.

आता देखभाल. ड्राइव्हचा पहिला शत्रू उष्णता. बहुतेकांचा पूर्ण करंट ४० अंशांपर्यंत ग्राह्य असतो. त्यापुढं दर अंशाला साधारण एक टक्का करंट कमी धरायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पॅनेलच्या आत ५० सहज होतात, आणि लोक बाहेरच्या थर्मामीटरवर विसंबतात. मलकापूर, कराड, सांगलीकडे उंचीचा प्रश्न नाही. पण पाचगणी-महाबळेश्वरला हॉटेलात बसवणार असाल, तर हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला आणखी एक टक्का. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तीन-चार टक्के.

दुसरा शत्रू धूळ. गुऱ्हाळात चिपाडाची भुकटी, विट्याकडं मागाच्या शेडात कापसाचे तंतू, पोल्ट्रीत पिसं. ही सगळी हीटसिंकच्या फटीत जाऊन गादी होते. दर तीन महिन्यांनी कोरड्या हवेनं साफ करा, कॉम्प्रेसरला पाण्याचा सेपरेटर लावून आणि ड्राइव्हचा पंखा हातानं धरून, नाहीतर हवेनं तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. पंखा तीन ते पाच वर्षांत बदलायचाच, तो आवाज करायची वाट बघू नका. मी पंख्यावर मार्करनं बसवल्याची तारीख लिहितो. आतले मोठे कपॅसिटर सात ते दहा वर्षं टिकतात, उष्णतेत कमी. केबल ग्लँड सिलिकॉननं बंद करा. पाल उबेला आत शिरते, टर्मिनलवर बसते आणि मग एक फेज, एक पाल आणि एक ड्राइव्ह असे तीन जीव जातात. हसू नका, आमच्याकडच्या जळालेल्या पेट्यांत पाल बऱ्याचदा सापडते.

पेटी उघडताना वीज बंद करून दहा मिनिटं थांबा. बंद झाल्यावरही आतले कपॅसिटर ५६० ते ५९० व्होल्ट डीसी धरून असतात. डिस्प्ले विझला म्हणजे ते रिकामे झाले असं नाही. मीटरनं डीसी टर्मिनल तपासल्याशिवाय बोट लावू नका. वर्षातून एकदा सगळी टर्मिनल पान्यानं ठरल्या ताकदीनं आवळा. पहिल्या उन्हाळ्यानंतर तर नक्कीच. अर्थिंगही बघा. आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याकडे मुरूम-खडक लागतो, तिथं नदीकाठच्या काळ्या मातीएवढं अर्थिंग मिळत नाही. खड्डा खोल घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. ड्राइव्हवर ईएलसीबी उगाच पडत असेल, तर तो काढून टाकू नका. ड्राइव्हसाठी चालणारा लावा.

पॅरामीटर्स कागदावर उतरवून पेटीच्या दाराच्या आत चिकटवा. मोटरचे अँपिअर, कमीत कमी हर्ट्झ, चढायला-उतरायला लागणारे सेकंद, ट्रिप आल्यावर आपोआप सुरू व्हायचं की नाही. नदीवरचा पंप बंद होताना १५-२० सेकंद घेतो ना, हे खास बघा. एकदम थांबवला तर पाइपातलं पाणी उलटं येऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर हातोड्यासारखं आदळतं. आणि ट्रिप आला की रिसेट दाबण्याआधी कोड आणि वेळ वहीत लिहा. पाच वेळा रिसेट दाबून सहाव्या वेळी धूर निघाल्यावर मला फोन करणारे पुष्कळ आहेत.

गुऱ्हाळ आणि साखर कारखाना यांचं वर्ष अर्धंच चालतं. बाकी सहा-सात महिने पेटी बंद, वर पावसाळा. कोयना खोऱ्याकडं तर भिंतीही ओल धरतात. बंद हंगामात महिन्यातून एकदा तासभर ड्राइव्हला वीज द्या, मोटर नाही फिरवली तरी चालेल. आतली ओल जाते आणि कपॅसिटर जिवंत राहतात. वर्षाहून जास्त पडून राहिलेला ड्राइव्ह एकदम ४१५ वर टाकू नका. व्होल्टेज हळूहळू चढवून कपॅसिटर परत तयार करावे लागतात, ते माहीतगाराकडून करून घ्या.

आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तेव्हा हळदीकुंकू दारावर बाहेरून लावा, झेंडूचा हार पंख्याच्या जाळीवर घालू नका, आणि नारळ फोडायच्या आधी पॅनेलचं दार लावा.